पहिल्या रिळातली खिडकी

४ जुलै

प्रिय मामा,
सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू ते कबूल करत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. आई म्हणाली, "त्याला लिहूनच पाठव. मशीनशेजारी तीस वर्षं उभा राहून कान गेले त्याचे, डोळे शाबूत आहेत."

मी मजेत आहे. वसतिगृहात खोलीत दोन खाटा आणि एक टेबल आहे, ते आम्ही पाळीपाळीनं वापरतो. सोबतीण रसायनशास्त्राची आहे. परवा तिनं विचारलं, "तुम्हाला सिनेमाच्या परीक्षेत काय असतं गं, तिकिटं फाडणं?" मी हसले, पण जरा लागलं. आईसुद्धा शेजारणींना "ती पुढचं शिकते" एवढंच सांगते. पुढचं म्हणजे काय, ते सांगत नाही.

तर काम असं. आमच्या सरांनी प्रत्येकाला एकेका जुन्या सिनेमाचा पहिला प्रसंग वाटून दिला आहे. त्याचं विश्लेषण करायचं, वर्गापुढे मांडायचं आणि मग निबंध लिहायचा. माझ्या वाट्याला काउबॉयचा सिनेमा आला आणि मी उडालेच. तूच दाखवलेला तो, पाच आठवडे चाललेला! मी तेव्हा आईच्या पोटातही नव्हते, पण लहानपणी तू तोंडानं घोड्याच्या टापा वाजवून तो सांगायचास.

सात मिनिटांचा प्रसंग आहे. एक शब्द नाही. ओसाड माळ, त्यावर एकटं लाकडी घर. ओसरीवर रिकामी खुर्ची वाऱ्यानं हलते आहे. क्षितिजावर एक ठिपका दिसतो, त्याचा हळूहळू घोडेस्वार होतो. मधेमधे कॅमेरा घराच्या खिडकीकडे जातो, असा चार वेळा. स्वार फाटकापासून वीसेक पावलांवर येतो आणि थांबतो. उतरत नाही, पुढे येत नाही, परत जात नाही. तिथेच सिनेमाचं नाव येतं.

सरांचा प्रश्न एकच आहे: स्वार का थांबतो? पुढे कळतं की ते घर वर्षभर रिकामं होतं. मग थांबायला कारण काय?

ग्रंथालयातली पुस्तकं वाचली. त्यात दिग्दर्शक आहे, कॅमेरामन आहे, समीक्षक आहे. ऑपरेटर कुठेच नाही. शंभराहून जास्त वेळा ज्यानं हा प्रसंग पाहिला त्याला कुणी काही विचारलंच नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मी विचारते. तुला आठवेल ते सगळं लिही.

तुझी भाची

•

११ जुलै

चि. चौकशीबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घराण्यातली पहिली पदवीधर सातवी पास माणसाला प्रश्न विचारते म्हटल्यावर मी पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्यानं आणि एकदा मिजाशीनं. लहानपणी तुझं नाव चौकशीबाई मीच ठेवलं होतं. मशीन का गरम होतं, अंधार कुठून येतो, पडद्यामागे कोण राहतं. तेव्हा उत्तरं नव्हती, आता विचारतेस त्याचं उत्तर आहे.

तो सिनेमा मला तोंडपाठ आहे. भाषा गावात कुणालाच कळत नव्हती, म्हणून ती बिनबोलाची सात मिनिटं लोकांना सगळ्यात आवडायची. बोलणं सुरू झालं की विड्या पेटायच्या.

आता तुझा प्रश्न. स्वार का थांबतो, यात शिकलेल्या माणसांना एवढं कोडं पडायचं कारण काय? खिडकीतली बाई थांबवते म्हणून थांबतो. तिसऱ्या वेळी खिडकी दिसते तेव्हा ती मागे अंधारात उभी असते. चेहरा नीट दिसत नाही, नुसती उभी. चौथ्या वेळी हात वर करते, पंजा पुढे. थांब म्हणून. तो थांबतो. झालं.

तुझे सर म्हणतात घर रिकामं होतं. तसं सिनेमातली माणसं म्हणतात. त्यांना काय माहीत? ती बाई आपल्याला दिसते आणि त्या स्वाराला दिसते, बाकी कुणाला नाही. तीच तर मजा आहे.

ताईला सांग, गुडघा बरा आहे. जेवण मी स्वतः करतो आणि ते वाईट होतं, हे तिनं न विचारता सांगतो.

तुझा मामा

•

१६ जुलै

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी धावत ग्रंथालयात गेले. तिथे सिनेमे बघायच्या लहान खोल्या आहेत. तो प्रसंग अकरा वेळा पाहिला. खिडकीचे चारही शॉट थांबवून थांबवून पाहिले. उजेड वाढवून पाहिला.

बाई नाही, मामा.

खिडकी काळी आहे. चारही वेळा. इतका वेळ टक लावून बघितलं की शेवटी काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसायला लागला, तेव्हा उठले.

पण मी काय विचार करते आहे, ऐक. तुझी प्रत वेगळी असणार. पूर्वी सिनेमे निरनिराळ्या लांबीचे पाठवत असत, असं पुस्तकात आहे. म्हणजे आधी त्या प्रसंगात एक बाई होती, आणि नंतर कुणीतरी तिला काढून टाकलं. सगळा सिनेमा पुरुषांचा. घोडे, बंदुका, सूड. आणि तो ज्या एका हातानं सुरू झाला तो बाईचा हात होता! तो हात पुसला गेला आणि तेव्हापासून सगळे विचारताहेत की स्वार का थांबतो. मला रात्रभर झोप नाही. हे खरं असेल तर नुसता निबंध नाही, ही त्या बाईची बाजू मांडणं आहे.

नीट आठवून लिही. ती कशी दिसायची? रोज दिसायची का? प्रत्येक खेळाला?

तुझी भाची

•

२४ जुलै

चि. चौकशीबाई,

तुझ्या कॉलेजच्या मशीनला दृष्ट लागली असेल, दुसरं काय. मी पाहिलेलं मी पाहिलं आहे.

रोज नाही दिसायची. तीनच्या खेळाला दिसायची. बाराच्या, सहाच्या, नऊच्या खेळाला खिडकी कोरीच. त्याला कारण आहे. आमच्या मशीनमध्ये दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या ठिणगीचा उजेड पडद्यावर पडायचा. तीनला गावातल्या गिरण्या-कारखाने पाळी बदलण्यासाठी बंद असायचे, त्यामुळे वीज ताकदीची मिळायची. उजेड चांगला असला की अंधारातलं दिसतं. हे पुस्तकात नसेल, लिहून घे.

अंगानं बारीक. डोक्यावर पदर घेतल्यासारखं काहीतरी. दोन्ही हात पोटाशी, काहीतरी धरल्यासारखे. थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. साधारण अडीच आठवडे ती बरोबर दिसली. मग प्रत घासली गेली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं, आमच्या आधीच्या गावात कुणी तुकडा कापला आणि कच्चा जोडला, तो गळून पडला. वितरकाच्या माणसाशी मी त्यावरून भांडलोही. तो म्हणाला, "कसली बाई? तुम्ही केबिनमध्ये काय पिता?" मी चहासुद्धा पीत नसे.

आणि हात मी एकदाच पाहिला. सिनेमा उतरायच्या दिवशी, तीनच्या खेळाला. नव्या कांड्या लावल्या होत्या. मधे इतके दिवस दिसली नव्हती ती एकदम स्वच्छ दिसली आणि तिनं हात वर केला. मला वाटलं, हात रोजच करत असेल, त्या क्षणाला मी कांड्या पुढे सरकवायला खाली बघत असेन.

अगदी आपल्याकडे बघत होती गं. स्वाराकडे नाही. माझ्याकडे.

मामा

•

९ ऑगस्ट

प्रिय मामा,

काल वर्गात मांडलं. पंचवीस मिनिटं बोलले. "पुसलेली बाई" असं नाव दिलं होतं. तुझं म्हणणं तुझ्या शब्दांत वाचून दाखवलं.

मी संपवल्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "मामांचा नंबर द्या, आमच्याही सिनेमात एखादी नटी सापडेल." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "तुमचा साक्षीदार प्रामाणिक आहे. पण पुराव्याशिवाय मी हे स्वीकारू शकत नाही. इथल्या चित्रपट संग्रहालयात या सिनेमाची मूळ लांबीची प्रत आहे. ती बघा. बाई असेल तर मी वर्गापुढे माफी मागेन. नसेल तर निबंध नव्यानं लिहा."

मी हो म्हटलं. मामा, आपल्या घरातलं कुणी इथपर्यंत आलेलं नाही. तुझ्या शब्दावर कुणी हसावं, हे मला चालणार नाही. शनिवारी जाते आहे. खिडकीत बाई आहे, हे मी सिद्ध करून दाखवीन.

तुझी भाची

•

२८ ऑगस्ट

चि. चौकशीबाई,

तीन आठवडे झाले. शनिवार तीन येऊन गेले. बाई सापडली की हरवलीस तूच? ताईला फोन केला तर ती म्हणते, "ठीक आहे ती, अभ्यास आहे." ताई खोटं बोलली की मला बहिऱ्यालाही ऐकू येतं.

नसेल बाई तर नसू दे. म्हाताऱ्याची आठवण, तिचा काय भरवसा. त्यात तोंड लपवण्यासारखं काही नाही. दोन ओळी टाक.

मामा

•

२ सप्टेंबर

प्रिय मामा,

उशिराबद्दल माफ कर. मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. का विचारते, ते पुढच्या पत्रात सांगेन, नक्की सांगेन. आत्ता फक्त उत्तरं दे.

केबिनचं दार तू उभा राहायचास त्याच्या कुठल्या बाजूला होतं? केबिनमध्ये दिवा कुठे होता? तू ज्या भोकातून पडदा बघायचास त्याला काच होती का?

आणि मामा, तुझा डबा कोण आणायचं?

तुझी भाची

•

८ सप्टेंबर

चि. चौकशीबाई,

आता हे कसलं विश्लेषण? बरं. दार बरोबर माझ्या पाठीमागे, लोखंडी. दिवा एकच, रिळं उलटी गुंडाळायच्या टेबलावर, दाराशेजारी. भोकाला काच होती, मशीनचा आवाज प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून. रोज सकाळी मी ती पुसायचो.

डबा तुझी मामी आणायची. दुसरं कोण आणणार? तीनचा खेळ सुरू झाला की जिन्यानं वर यायची, स्टुलावर डबा ठेवायची आणि जायची. हाक मारायची नाही, असा नियम होता. पहिलं रीळ चालू असताना मी मागे वळत नसे. तेव्हा कांड्या अजून स्थिरावलेल्या नसतात, रीळ थंड असतं, पटकन तुटतं. एकदा लग्नानंतर नवी नवी असताना तिनं मागून हाक मारली, मी दचकलो, माझा हात लागून फिल्म अडकली, जळाली आणि खाली हजार माणसांनी शिट्ट्या मारल्या. मी तिला फार बोललो. त्यानंतर तिनं कधी आवाज केला नाही. तशीही मशीनच्या खडखडाटात ती आली कधी आणि गेली कधी, मला कळत नसे. वळून बघावं तर स्टुलावर डबा.

आता तुला हवंच असेल तर पुढचंही लिहितो. ती गेली ती हाच सिनेमा चालू असताना. तिसरा आठवडा, सोमवार. डबा उघडला तर वरच्या पुडात घराची किल्ली, रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेली. घरी गेलो तर कुलूप. माहेरी नाही, बहिणीकडे नाही, कुठेच नाही. सगळीकडे शोधलं. लोकांना काय, ते म्हणाले कुणाबरोबर गेली. मी तसं कधी म्हटलं नाही. भांडण नव्हतं आमचं. मारहाण नव्हती. मी एवढंच म्हणतो, आणि सव्वीस वर्षं म्हणत आलो आहे: न सांगता गेली. सांगून गेली असती तर मी अडवलं नसतं. एक शब्द बोलायला काय झालं होतं तिला?

मामा

•

१५ सप्टेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आईनं शपथ घालून सांगितलं होतं, त्याला काही कळवू नकोस, आहे तसा बरा आहे तो. पण सगळं घर मामीबद्दल "न सांगता गेली" म्हणत आलं आहे. मीही म्हणत आले. शाळेत असताना मैत्रिणींना सांगितलं आहे मी तसं. मला आता गप्प बसता येत नाही. बसून वाच.

त्या शनिवारी संग्रहालयात गेले. तिथले ऑपरेटरकाका सत्तरीचे आहेत. मी ऑपरेटरची भाची आहे म्हटल्यावर त्यांनी मला प्रेक्षागृहात बसवलं नाही. म्हणाले, "मग खाली कशाला? केबिनमध्ये या, काचेतून बघा. तुमच्या मामांनी तसाच पाहिला असेल." जुनं मशीन आहे. मी काचेपाशी उभी राहिले. रीळ सुरू झालं. खुर्ची. ठिपका. खिडकी, काळी. पुन्हा खिडकी, काळी.

तिसऱ्या वेळी खिडकीत कुणीतरी उभं होतं.

मामा, तू लिहिलं होतंस तस्संच. चेहरा नीट दिसत नाही, दोन्ही हात पोटाशी, काहीतरी धरलेलं. मला वाटलं, सर माफी मागणार. मला वाटलं, मामा खरा ठरला. स्वार जवळ आला. चौथ्यांदा खिडकी आली. त्या आकृतीनं एक हात वर केला, पंजा पुढे, थेट माझ्याकडे बघत.

आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

"बाई, चहा," ऑपरेटरकाका म्हणाले. एका हातात पेला होता. "किती हाका मारल्या! मशीनपुढे ऐकू येत नाही ना."

मी किंचाळले नाही. काकांना म्हटलं, पुन्हा लावता का? आणि या वेळी तुम्ही तिकडे कोपऱ्यात उभे राहा. त्यांनी लावलं. खिडकी चारही वेळा काळी होती. मग म्हटलं, आता मागे दारापाशी या. ते आले, आणि खिडकीत आले.

पडदा उजेडाचा असतो तोवर काचेतून पडदा दिसतो. पडदा काळा झाला की काच आरसा होते. मागे दिवा असेल तर मागचं माणूस त्या काळ्या चौकटीत उभं राहतं.

तुझ्या केबिनचं दार कुठे आहे हे मी म्हणून विचारलं. दिवा कुठे होता, म्हणून विचारलं. आणि तीनच्या खेळालाच का, ते तूच लिहिलंस, मामा. वीज नाही. डबा.

ती रोज येऊन नुसता डबा ठेवून जात नव्हती. उभी राहायची. तुझ्या पाठीकडे बघत, तू वळशील म्हणून. तिला काहीतरी बोलायचं होतं. नियम होता म्हणून हाक मारली नाही. तू लिहिलंस "अगदी आपल्याकडे बघत होती", ते खरंच आहे.

आणि तो हात "थांब" म्हणणारा नव्हता. खांद्याला हात लावायला निघालेली बाई काचेत तशीच दिसते. तू लिहितोस की हे सिनेमा उतरायच्या दिवशी झालं. पण मामी तर तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी गेली, आणि त्यानंतरच ती खिडकीत दिसेनाशी झाली. म्हणजे हात तू त्या सोमवारी पाहिला असणार. इतक्या वर्षांत आठवणीतला दिवस सरकला. त्या दिवशी ती सांगायला आली होती. हात उचलला आणि मग लावला नाही.

मला माहीत नाही मी बरोबर केलं की नाही. निबंध लिहायला घेतलेला नाही. सरांना एवढंच सांगितलं की खिडकीत बाई नाही. तू रागावलास तरी रागावल्याचं लिही.

तुझी भाची

•

२९ ऑक्टोबर

चि. चौकशीबाईस आशीर्वाद.

रागावलो नाही. लिहायला बसलो की पहिल्या ओळीवर थांबायचो. तुझा तो स्वार बरा, त्याला निदान घोडा होता.

तुझं पत्र आल्यावर आठवडाभर मी म्हणत होतो, पोरीचं डोकं शिकून बिघडलं. मग एके दिवशी दुपारी थिएटरवर गेलो. आता तिथे गाद्यांचं गोदाम आहे. राखणदार म्हणून आपला बॅटरीवालाच आहे, अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायचा तो. म्हणाला, "काय ऑपरेटर, गादी घ्यायला आलात की झोपायला?" म्हटलं, केबिन उघड.

मशीन नेलं आहे. काच तशीच आहे. मी रुमालानं पुसली आणि माझ्या जागी उभा राहिलो. खाली अंधार. बॅटरीवाल्याला म्हटलं, दारात उभा राहा आणि बॅटरी स्वतःच्या तोंडावर मार. तो म्हणाला, "मरायला टेकल्यावर असले खेळ सुचतात तुम्हाला," पण मारली. म्हटलं, आता हात वर कर, माझ्या खांद्यावर ठेवणार असल्यासारखा.

"काय दिसतंय?" तो म्हणाला.

"तू."

"मग त्यात रडण्यासारखं काय आहे? रोज आरशात बघतो मी हे तोंड, मी नाही रडत."

तर तुझं काच-प्रकरण खरं आहे. बाई सिनेमातली नव्हती. तुझ्या सरांचा विजय असो.

पण एका ठिकाणी तू चुकलीस. शिकलेली माणसं जिथे गणित जुळत नाही तिथे म्हाताऱ्याची आठवण चुकली म्हणतात. माझी चुकलेली नाही. केबिनमध्ये आम्हाला एक वही ठेवावी लागायची: कुठल्या खेळाला कांड्या बदलल्या, कुठे रीळ तुटलं. थिएटर बंद झालं तेव्हा त्या वह्या मी घरी आणल्या. शोधायला दोन दिवस लागले. पाचवा आठवडा, गुरुवार, सिनेमा उतरायचा दिवस. माझ्याच अक्षरात आहे: "तीनचा खेळ. नव्या कांड्या. खिडकीतली बाई परत दिसली. हात." त्या सोमवारच्या पानावर फक्त "रीळ ठीक" आहे.

ती गेली त्याला त्या गुरुवारी सतरा दिवस झाले होते.

आणि अजून एक. ती गेल्यावर लोक केबिनमध्ये यायला लागले, काही कळलं का विचारायला. म्हणून मी आतून कडी लावून घ्यायचो. डबा येणार नव्हता, दार उघडं ठेवायचं कुणासाठी? त्या गुरुवारीही कडी होती. पहिलं रीळ संपलं तेव्हा मी वळलो, वहीत लिहायला टेबलापाशी गेलो. कडी लावलेलीच होती. मी तेव्हा त्याचा काही विचार केला नाही. बाई सिनेमातली होती ना.

आता तुला ते सांगतो जे ताईलाही सांगितलं नाही.

भांडण नव्हतं, हे खरं. पण तो सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी तुझी मामी मला म्हणाली, "मला थोडं बोलायचंय." मी प्रत तपासत होतो. मी म्हटलं, "आत्ता नाही. सिनेमा उतरू दे, मग बोलू." ती म्हणाली, "सिनेमा कधी उतरेल?" मी म्हटलं, "चालेल तोवर चालेल. उतरेल त्या दिवशी ये आणि बोल." हसून म्हटलं मी. ती हसली नाही. "उतरेल त्या दिवशी," असं एकदा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

अडीच आठवडे ती पाठीमागे येऊन उभी राहिली, सिनेमा उतरतो का बघायला. मग तिला थांबता आलं नाही, किल्ली ठेवून गेली. आणि उतरला त्या दिवशी आली. दिलेला दिवस तिनं पाळला, पोरी. कुठून आली, कशी आली, कडी असताना आत कशी आली, ते तुझ्या सरांना विचार. मी विचारत नाही. मला एवढंच कळतं की मी तिच्याकडे बघितलं, आणि बाईनं हात छान केला असं म्हणून पुन्हा कांड्या सरकवायला लागलो.

तुझ्या निबंधाचं मी काय सांगणार. पण स्वार का थांबतो, ते मला आता वेगळं वाटतं. घर रिकामं आहे हे त्याला ठाऊक आहे. तरी कुणीतरी आपल्याला बोलावलं होतं आणि आपल्याला उशीर झाला, असं वाटलं की माणूस फाटकाशी थांबतो. आत जाववत नाही, मागे फिरवत नाही. हे लिही हवं तर. माझं नाव घालू नकोस, नुसतं "एक ऑपरेटर" लिही.

ताईला सांग, आणि तू घरी जाशील तेव्हा सगळ्यांसमोर सांग: न सांगता गेली, असं आजपासून आपल्या घरात कुणी म्हणायचं नाही.

ती काच बॅटरीवाल्यानं मला काढून दिली. फडक्यात गुंडाळून घरी आणली. काळ्या कागदावर ठेवून टेबलावर भिंतीला टेकवली आहे. दुपारी तीन वाजता दाराकडे पाठ करून मी तिच्यासमोर बसतो, सात मिनिटं. शेजारचे म्हणतात, म्हातारा काचेत तोंड बघतो. म्हणू देत. माझं तोंड नाही बघत मी, माझ्या मागचं दार बघतो.

कडी काढून ठेवतो. मागे काही हललं तर वळायचं आहे मला. या वेळी खांद्यावर हात पडायची वाट बघणार नाही.

तुझा मामा